कार्बनचा पंख आणि फायबरची होडी

शेळगावचा माणूस हायड्रोफॉईलवर लिहितोय म्हटल्यावर होस्टेलवर हशा होणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करतो. आमच्याकडे पाणी म्हणजे नीरेचा डावा कालवा, आणि इंदापूर ओलांडलं की उजनीचा फुगवटा. तिथे दिसतात त्या मच्छीमारांच्या आणि भिगवणला पक्षी दाखवणाऱ्यांच्या फायबरच्या होड्या. पण फुटलेली होडी सांधायची विद्या आणि तडकलेला कार्बनचा पंख सांधायची विद्या या सख्ख्या बहिणी आहेत. म्हणून हा लेख.

हायड्रोफॉईल म्हणजे पाण्यात चालणारा विमानाचा पंख. वर फळी, तिच्याखाली उभा खांब म्हणजे मास्ट, त्याच्या टोकाला आडवा दांडा म्हणजे फ्यूजलाज, पुढे मोठा पंख आणि मागे छोटा. वेग आला की फळी पाण्याबाहेर उचलली जाते आणि पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो. कल्पना जुनी आहे. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या एचडी-४ या हायड्रोफॉईल बोटीने १९१९ साली कॅनडात ताशी ११४ कि.मी. वेग गाठला होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग आणि काईट, दोन्ही फॉईलवर झाले. त्यातल्या आयक्यूफॉईल या विंडसर्फिंग प्रकारात आपल्या शेजारच्या गोव्याची कात्या कोएल्हो भारताकडून उतरलेली आहे.

आता थोडं गणित. (फर्स्ट इयरवाल्यांनी घाबरू नये.) पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन, म्हणून एवढासा पंख पुरतो. समजा पंख ९०० चौ.सें.मी., माणूस आणि सामान मिळून १०० किलो, लिफ्ट कोइफिशंट ०.५. फ्लुइड मेकॅनिक्सचं सूत्र लावा, वेग येतो सेकंदाला ६.६ मीटर, म्हणजे ताशी साधारण २४ कि.मी. एवढ्या वेगाला अख्खा माणूस दोन वह्यांएवढ्या पंखावर उभा! आयक्यूफॉईलचा मास्ट ९५ सें.मी. लांब असतो. खाली ८० सें.मी.वर बाजूने ५० किलोचा जोर आला तर वरच्या सांध्यावर ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास बेंडिंग मोमेंट येतो. गाडीच्या चाकाचा नट आवळायला साधारण १०० लागतो, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून तिथे कार्बन. काचेच्या धाग्याचा मॉड्युलस ७० गिगापास्कल, तर नेहमीच्या कार्बन धाग्याचा २३० च्या घरात, आणि वजनाने कार्बनच हलका.

कार्बनचा स्वभाव मात्र पत्र्यासारखा नाही. पत्रा आधी वाकतो, पोचा दाखवतो, मग फाटतो. कार्बन वरून गुळगुळीत राहतो आणि आतले थर सुटलेले असतात. यावर सर्वात स्वस्त टेस्टिंग मशीन म्हणजे एक रुपयाचं नाणं. पंखावर सगळीकडे हलकं वाजवत जायचं. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो. थर सुटलेल्या जागी बद्द. नारळ किंवा कलिंगड पारखणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये मी लॅमिनेटच्या तुकड्यांवर हे करून पाहिलंय, दहा मिनिटांत कान तयार होतो. बद्द आवाजाची हद्द पेन्सिलने आखून घ्यायची. बहुतेक वेळा ती दिसणाऱ्या तड्यापेक्षा बरीच मोठी निघते.

दुरुस्तीतलं पहिलं काम वाळवणं, आणि लोक तेच टाळतात. तड्यातून आत पाणी शिरलेलं असतं. ते तसंच कोंडून वर थर चढवला तर तो थोड्याच दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. सावलीत, हवेशीर जागी काही दिवस ठेवायचं. मग खराब भाग घासून काढायचा, पण खड्डा करायचा नाही, उतार करायचा. एक मि.मी. खोलीला १२ ते २० मि.मी. उतार. कारण जोर एका धाग्यातून दुसऱ्यात जातो तो मधल्या रेझिनमधून, आणि रेझिन बिचारं कमजोर. जोड जितका लांब पसरेल तितका त्याच्यावर ताण कमी. नवे थर लहान-मोठे कापून जुन्याच दिशेने बसवायचे. मास्टमध्ये लांबीच्या दिशेने धागे असतील आणि तुम्ही तिरके लावले, तर वजन वाढेल, ताकद नाही.

रेझिनच्या बाबतीत होडी आणि पंख यांच्यात खरा फरक आहे. होडीला पॉलिएस्टर रेझिन आणि काचेची मॅट लावतात. फॉईलला इपॉक्सीच हवं, कारण सेट झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. आपल्या लॅबमध्ये असतं ते एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१, वजनाने १० ला १. डोळ्याच्या अंदाजाने नाही, काट्यावर! हार्डनर जास्त घातल्याने लवकर आणि पक्कं बसतं, हा गैरसमज आहे; उरलेला हार्डनर जोड कच्चाच ठेवतो. मे महिन्यात इंदापूरला ४० अंशांवर पारा जातो तेव्हा थोडं थोडं कालवावं. दहा अंश वाढले की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो, आणि मोठा मग भरून कालवलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं.

होडीवाल्यांकडे जाऊन शिकणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पॉलिएस्टरचं कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. भडका किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, कॅटलिस्ट नंतर. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवायच्याही नाहीत.

दुसरा धोका आपल्या बिल्डिंगमधला. कार्बन घासल्यावर उडणारी काळी धूळ घशाला, कातडीला त्रास देतेच, शिवाय ती वीजवाहक आहे. खोलीत बसून घासाल तर रूममेटच्या कॉम्प्युटरमध्ये शॉर्ट होऊ शकतो. तेव्हा बाहेर बसा, मास्क, चष्मा, हातमोजे घाला आणि पाण्याचा पॉलिश पेपर वापरा. शेवटी धारेला ४००, ६००, मग १००० नंबर. बारीक खरचटे भरायला गॅरेजमध्ये लावतात तशी लांबी चालते, पण ती फक्त आकारासाठी. तुटलेल्या धाग्यांवर लांबी भरून रंग मारणं ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे. सेकंडहँड फॉईल घेताना नाणं खिशात ठेवा ते यासाठीच.

देखभालीत निम्मं काम बोल्टचं. कार्बन, ॲल्युमिनियमचा दांडा आणि खारं पाणी एकत्र आले की बॅटरीच तयार होते, आणि गंजतं ते ॲल्युमिनियम. गोव्यात किंवा मालवणला वापरलं की गोड्या पाण्याने धुवा, सगळं सुटं करा, बोल्टला सागरी ग्रीस लावा. बोल्ट महिनोन्महिने न काढता ठेवले तर ते पुढे निघतच नाहीत. उजनीत हा त्रास कमी. पण तिथे दुसरं संकट आहे. पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, तशा जुन्या गावांच्या भिंती आणि बाभळीचे बुंधे पाण्याखाली वीतभर अंतरावर येतात, आणि फॉईल तर मीटरभर खाली लोंबतोय. शिवाय मच्छीमारांची जाळी. त्यांना विचारल्याशिवाय उतरू नये.

आणखी एक, उन्हाचं. काळा कार्बन उन्हात ६० अंशांच्या वर सहज तापतो, आणि घरगुती तापमानाला सेट केलेलं इपॉक्सी त्या सुमाराला मऊ पडू लागतं. जीपच्या टपावर बांधून नेणार असाल तर वर पांढरी चादर किंवा जुनं गोणपाट टाका.

काय दुरुस्त करू नये, हेही सांगतो. पंखाच्या कडा, टोकं, वरचा एखादा सुटलेला थर, हे हाताने होतं. मास्टच्या वरच्या सांध्याजवळ आडवा तडा असेल तर तो मास्ट भंगारात. ताशी तीस-चाळीसच्या वेगात तो तुटला तर माणूस पुढे पडतो आणि खालचा पंख सुरीसारखा धारदार असतो. हेल्मेट आणि छातीचं जॅकेट घातलेलं असलं तरीही.