आलिशान मोटारींचे उत्तरायुष्य
नवी असताना ५० लाखांना विकली गेलेली मोटार आठदहा वर्षांनी एखाद्या नव्या साध्या मोटारीच्या दरात मिळते, हे ध्यानात येताच मध्यमवर्गीय गृहस्थास मोह पडावा यात अस्वाभाविक काही नाही; परंतु मोटारीची किंमत कालमानाने उतरली, तरी तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही, ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही आणि खरेदीदार सहसा विचारीत नाही.

पुण्यामुंबईच्या बाजारात ‘दिल्ली पासिंग’च्या अशा गाड्या नजरेस पडतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती कायम केली. तेव्हापासून मुदत भरत आली की तेथील मालक मिळेल त्या भावाने गाडी काढू लागले.

या गाड्यांची बांधणी निकृष्ट असते, असे मुळीच नव्हे. १९९८ साली आलेल्या मर्सिडीझ एस-क्लासमध्ये पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेचे रबरी फुगे होते, आणि त्यांचे सुख अपूर्व होते. पण रबरास भेगा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढण्यास कॉम्प्रेसर अहोरात्र राबतो, व एका फुग्याची हयगय अखेर कॉम्प्रेसर जळण्यापर्यंत जाते. बीएमडब्ल्यूच्या २००७ सालच्या एन-४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या अंगास आहे. ती खडखडू लागली की बरीच उलथापालथ केल्यावाचून तिथवर हात पोचत नाही, म्हणून मजुरीच भारी पडते, आणि चेन तुटलीच तर इंजिन निकामी होते.

मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते ती गिअरबॉक्सच्या तेलाची गोष्ट. ते आयुष्यभर पुरेल, असे बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्या सांगत आल्या. तेच गिअरबॉक्स घडविणारी जर्मनीची झेडएफ कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान ते बदलण्यास सांगते. पहिल्या मालकाची वर्षे निर्वेध जातात. भुर्दंड बसतो तो तिसऱ्यास.

म्हणून सर्व्हिसची बिले तारीखवार पाहावीत, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी एखादा कोपरा खचला आहे काय ते तपासावे, थंड इंजिन आपल्यासमक्ष सुरू करवून त्याचा आवाज ऐकावा. गाडी परप्रांतीची असल्यास ना-हरकत दाखला, येथील कर व नवी नोंदणी यांचाही हिशेब आधीच मांडावा. बिले दाखविण्यास विक्रेता टाळाटाळ करील, तर सौदा तेथेच मोडावा.