विश्लेषण : गाडीचा ब्लोअर बंद पडला, तर गॅस भरून काय होणार?

एसी सुरू केला, बटणावरचा दिवा लागला, पण जाळीतून वाराच येत नाही. अशा वेळी गॅरेजमध्ये अनेकदा पहिला सल्ला मिळतो तो गॅस भरण्याचा. पैसे मोजण्यापूर्वी एक फरक लक्षात घ्या. हवा येते पण गार नसते, तेव्हा दोष गॅस किंवा कम्प्रेसरकडे असू शकतो. पंखाच फिरत नसेल, तर बिघाड विजेचा आहे. ब्लोअर हा गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा पंखा. गॅसशी त्याचे देणेघेणे नाही.

प्रश्न केवळ उकाड्याचाही नाही. पावसाळ्यात खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात समोरची काच आतून धूसर होते, ती साफ करणारी हवा हाच पंखा फेकतो. तो बंद असेल तर खिडक्या थोड्या उघडून, गाडी सुरक्षित जागी थांबवून काच पुसावी लागते.

आधी कान द्या

बहुतेक गाड्यांत ब्लोअर डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तिथून घरघर ऐकू येते पण हवा येत नाही, तर केबिन फिल्टर धुळीने चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. आवाजच नसेल, तर फ्यूज पाहा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत ब्लोअरचा फ्यूज कोणता ते दिलेले असते. गाडी बंद करून तो काढा. आतली पट्टी तुटलेली दिसली, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावण्याचा ‘जुगाड’ मात्र अजिबात नको. फ्यूज उडायच्या आधी वायर तापते आणि डॅशबोर्डच्या आत आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर मोटर अडकली आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हे आपल्याकडचे नेहमीचे कारण. फ्यूज ठीक असेल, तर रिले तपासावा. शेजारचा हुबेहूब त्याच क्रमांकाचा रिले तात्पुरता लावून पाहता येतो.

फक्त शेवटच्या वेगावर चालतो?

१, २, ३ वर शांत आणि ४ वर जोरात, हे लक्षण ओळखीचे आहे. नॉबवाल्या गाड्यांत वेग कमी करण्याचे काम रेझिस्टर करतो. शेवटच्या वेगाला वीज त्याला वगळून थेट मोटरला मिळते, म्हणून तेवढाच चालू राहतो. रेझिस्टर बसवलेला असतो ब्लोअरच्या वाऱ्यातच, कारण तो तापतो. फिल्टर चोंदून वारा कमी झाला किंवा मोटर जड फिरू लागली, की तो जळतो. त्यामुळे नुसता रेझिस्टर बदलून भागत नाही, तो का जळला हे विचारा. त्याचा कनेक्टर वितळला असेल तर तोही बदलून घ्या. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी बहुधा इलेक्ट्रॉनिक मॉड्युल असते; तिथे घरगुती प्रयोग टाळलेले बरे.

मोटरच्या घरावर हलकेच टकटक केल्यावर पंखा फिरू लागला, तर ब्रश झिजले असावेत. ही युक्ती गाडी घरी नेण्यापुरती.

मेकॅनिकला काय सांगाल?

मोटरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावायला सांगा. तिथे १२ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, अर्थिंगही नीट आहे आणि तरी पंखा फिरत नाही, तर मोटर गेली. दाबच मिळत नसेल, तर दोष स्विच, रिले किंवा वायरिंगमध्ये शोधायचा. ही तपासणी काही मिनिटांची आहे. ती न करताच कोणी थेट नवी मोटर सुचवली, तर आधी मीटर लावायचा आग्रह धरा आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या.