भिंगपाटीचें भोंक

मोठ्या आकाराच्या, भाता असलेल्या कॅमेऱ्यांत भिंग कॅमेऱ्याच्या अंगाला कायमचें जखडलेलें नसतें. तें एका चौकोनी पाटीवर बसवितात व ती पाटी कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटींत अडकवितात. इंग्रजींत हिला लेन्स-बोर्ड म्हणतात. आम्ही या लेखापुरतें तिला भिंगपाटी म्हणूं. भिंग बदलावयाचें म्हणजे एक पाटी काढून दुसरी लावावयाची. सोय मोठी खरी. पण प्रत्येक भिंगाच्या गळ्याची जाडी निराळी, म्हणून प्रत्येक पाटीचें भोंकही निराळें. हातीं आलेल्या जुन्या भिंगाला नेमकी पाटी बाजारांत मिळेलच असा भरंवसा नाहीं. अमेरिकेंतील ‘स्पीड ग्राफिक’ हा वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा आवडता कॅमेरा १९१२ पासून निघत असे. इवो जिमा बेटावरील ध्वजारोहणाचें १९४५ मधील प्रसिद्ध छायाचित्र जो रोझेंथाल यांनीं याच जातीच्या कॅमेऱ्यानें घेतलें. तो काढणारी ग्राफ्लेक्स कंपनी १९७३ सालीं बंद पडली. कॅमेरे मात्र अद्याप चालतात, आणि त्यांचे मालक पाट्या शोधीत हिंडतात.

फिल्मवर छायाचित्रें काढण्याची हौस अलीकडे कांहीं तरुण मंडळींत पुन्हां दिसूं लागली आहे. तेव्हां माळ्यावरच्या ट्रंकेंतून आजोबांचें भिंग खालीं येतें, आणि पहिलाच प्रश्न पडतो तो या भोंकाचा. ‘‘धातूच्या पत्र्यांत इतकें मोठें, काटेकोर गोल भोंक घरीं कसें पडणार? त्याला लेथच पाहिजे,’’ असें म्हणून बहुतेक लोक तो नाद सोडून देतात. आमच्या मतें ही भीति अस्थानीं आहे. भोंकाची कड शेवटीं कोणालाच दिसत नाहीं. पुढून शटरचा ओठ आणि मागून आट्यांची कडी असे दोघे मिळून ती झांकून टाकतात. भोंक अर्धा मिलीमीटर मोठें झालें, किंवा एके ठिकाणीं किंचित् चपटें राहिलें, तरी छायाचित्राला त्याचा पत्ता लागत नाहीं. खरी काळजी घ्यावयाची ती पाटीच्या सपाटपणाची.

याचा हिशेब शाळेंतल्या त्रैराशिकाचा आहे. समजा, ३५ मिलीमीटरच्या भोंकाभोंवतीं पाटी एका बाजूला केवळ ०.३ मिलीमीटर उचलली गेली. भिंग तेवढेंच तिरपें बसलें. आतां ५ इंच, म्हणजे १२७ मिलीमीटर लांबीच्या फिल्मवर हा तिरकेपणा पसरतो, आणि दूरच्या दृश्याच्या बाबतींत एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फरक सुमारें १ मिलीमीटरचा पडतो. भिंगाचें तोंड पूर्ण उघडें ठेवल्यास एक बाजू रेखीव आणि दुसरी मऊ येण्यास एवढें पुरे होतें.

आमच्या परिचयाच्या एका घरीं असाच प्रकार घडला. पाटी एका कारखान्यांत भोंक पाडण्यास दिली होती. भोंक अगदीं गोल होऊन आलें, परंतु पुढें प्रत्येक छायाचित्राची उजवी बाजू पुसट येऊं लागली. धाकटा पुतण्या कंटाळून म्हणाला, ‘‘काका, आजोबांचं भिंगच बिघडलंय. आता विकून टाकू या.’’ गिऱ्हाईकही ठरलें. थोरले काका फारसे बोलणारे नव्हेत. ते म्हणाले, ‘‘विकण्याआधी ती पाटी आरशावर ठेवून बघ रे.’’ पाटी आरशावर ठेवली तों ती डुगडुगूं लागली. भोंक पाडतांना दाबाखालीं ती मध्यें वांकली होती. नवी पाटी घरीं केली आणि भिंग घरांतच राहिलें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, २ ते ३ मिलीमीटर जाड घ्यावा. त्याहून पातळ पत्रा वांकतो. फार जाड घेतला तर मागची कडी बसण्यास शटरचे आटे पुरेसे बाहेर येत नाहींत. हल्लींच्या शटरांचीं मापें ठरलेलीं आहेत: कोपल शून्य क्रमांकास ३४.६, एक क्रमांकास ४१.६ आणि तीन क्रमांकास ६५ मिलीमीटर. परंतु जुन्या काँपूर वा अन्य शटरांवर तोच आंकडा कोरलेला असला, तरी माप तेंच असेल असें नाहीं. म्हणून आंकड्यावर विसंबूं नये. व्हर्नियर कॅलिपरनें प्रत्यक्ष गळा मोजावा.

भोंकाचा मध्य कोठें घ्यावयाचा, येथेंही हुशार माणसें फसतात. पाटीचे कर्ण काढले कीं मध्य सांपडला, ही भूमिति बरोबर आहे. पण लिन्हॉफ टेक्निका जातीच्या कॅमेऱ्यांच्या पाट्यांत भोंक मुळांतच भौमितिक मध्यापासून सरकवलेलें असतें. यासाठीं त्याच कॅमेऱ्याची जुनी पाटी नव्या पत्र्यावर ठेवून तिच्यावरून मध्य उतरून घेणें उत्तम.

मध्यावर पंच ठेवून हातोडीनें हलकी खूण करावी, आणि टोंकदार पोलादी कंपासानें ३४.६ मिलीमीटर व्यासाचें वर्तुळ कोरावें. ही आपली अखेरची रेषा. तिच्या आंत दुसरें वर्तुळ १५.३ मिलीमीटर त्रिज्येचें काढावें. हा आंकडा कोठून आला? रेषेची त्रिज्या १७.३; तींतून कानशीसाठीं अर्धा मिलीमीटर वजा केला, आणि ३ मिलीमीटरच्या गिरमिटाची निम्मी जाडी, म्हणजे दीड मिलीमीटर, वजा केली. आंतल्या वर्तुळाचा परिघ काढण्यास भास्कराचार्यांनीं लीलावतींत स्थूल म्हणून दिलेलें २२/७ हें प्रमाण येथें पुरेसें आहे: तो सुमारें ९६ मिलीमीटर भरतो. त्याच त्रिज्येएवढा उघडलेला कंपास परिघावर फिरवला कीं वर्तुळाचे सहा भाग पडतात, हें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. प्रत्येक भाग दोनदां निम्मा केला कीं चोवीस खुणा झाल्या. दोन खुणांत ४ मिलीमीटर अंतर, त्यांतलें ३ भोंकाचें, उरलेला १ मिलीमीटर मधल्या भिंतीचा. भोंकें याहून दाट घेण्याचा मोह होतो, परंतु भिंत फार पातळ झाली कीं गिरमिट घसरून शेजारच्या भोंकांत शिरतें.

पत्र्याखालीं सपाट लांकडाचा ठोकळा घेऊन दोन्ही क्लॅम्पनीं मेजावर घट्ट आवळावीं. पत्रा हातानें धरून ड्रिल चालवूं नये, ही सूचना आम्ही शिक्षकी बाण्यानें दोनदां सांगूं इच्छितों. गिरमिट पत्र्यांतून आरपार निघतांना पत्र्याला पकडून वर उचलतें व गरकन् फिरवितें; तीक्ष्ण कडेचा तो चौकोन मग बोटें ओळखीत नाहीं. डोळ्यांवर चष्मा असावा, सैल बाह्या वर कराव्या, आणि लहान मुलांना कौतुकानेंसुद्धां मेजाजवळ उभें करूं नये. राकेलचे दोन थेंब टाकले तर अ‍ॅल्युमिनियम गिरमिटाला चिकटत नाहीं. चोवीस भोंकें झालीं कीं मधल्या भिंती सोनार वापरतात तशा बारीक पात्याच्या करवतीनें कापाव्या. त्या छिन्नीनें तोडूं नयेत. वर सांगितलेला पाटीचा बांक असल्याच घाईंतून येतो.

यानंतर अर्धगोल कानस. अ‍ॅल्युमिनियमचा कीस कानशीच्या दांतांत बसून तिला बोथट करतो, यावर उपाय खडूचा: कानशीवर खडू घासावा म्हणजे कीस चिकटत नाहीं. (निवृत्तीनंतर आमच्याकडील उरलेल्या खडूंचें सार्थक झालें तें असें.) कानस गोलाईच्या अंगानें फिरवीत, पाटी वारंवार वळवीत, रेषा अर्धी दिसेनाशी होईपर्यंत घासावें. भिंग लावून पाहण्याची घाई मात्र करूं नये. कीसाचा एक कण शटरच्या पात्यांत गेला तर पाटीच्या खर्चापेक्षां दुरुस्तीचा खर्च अधिक होतो. भिंग दुसऱ्या खोलींत ठेवावें, आणि अंदाजासाठीं त्याच्या गळ्याएवढी पुठ्ठ्याची चकती कापून तीच भोंकांत घालून पाहावी. या सर्वांस एक दुपार पुरते.

ज्यांच्याकडे स्टँडवरचें विजेचें ड्रिल आहे त्यांस होल-सॉ, म्हणजे डब्याच्या कडेसारखी दांतेदार गोल करवत, वापरतां येईल. ३५ व ६५ मिलीमीटरचीं मापें बाजारांत मिळतात. एक क्रमांकासाठीं लहान माप घेऊन पुढें कानशीनें वाढवावें. गति कमीत कमी ठेवावी. आडव्या दांडीला एकच दांत असलेला फ्लाय-कटर आम्ही कुटुंबवत्सल माणसांस सुचविणार नाहीं. तो फिरूं लागला कीं दांडी दिसेनाशी होते, आणि हात तिच्या वाटेंत केव्हां गेला हें नंतर कळतें. जुन्या पाटीचें भोंक मोठें करावयाचें असेल तर आणखी एक पेंच पडतो: होल-सॉच्या मधल्या गिरमिटाला टेंकण्यास धातूच उरलेला नसतो. अशा वेळीं भोंकांत घट्ट बसणारी लांकडी चकती ठोकावी, तिच्यावर मध्य काढावा आणि खालीं ठोकळा घेऊन कापावें. आमचा कल अशा वेळींही कानशीकडेच असतो.

कड तयार झाल्यावर दोन्ही बाजूंची कोर बारीक कानशीनें मारावी, आणि आरशावर एमरी कागद पसरून पाटी त्यावर हलक्या हातानें घासावी. जेथें चकाकी येत नाहीं तेथें खळगा आहे असें समजावें. पुष्कळ शटरांच्या पाठीवर एक बारीक खुंटी असते. शटर फिरूं नये म्हणून ती ठेवलेली असते. तिच्यासाठीं कडेला लहान खांच करावी, किंवा ती स्क्रूची असल्यास काढून ठेवावी. ती तशीच राहिली तर शटर तिरपें बसतें आणि सगळी मेहनत फुकट जाते. मग पाटी साबणानें धुवून वाळवावी व आंतल्या बाजूला चमक नसलेला काळा रंग द्यावा. रंग पुरता वाळल्यावर शटर बसवून कडी आवळावी. अखेर रात्रीं दिवे मालवून, पाटी कॅमेऱ्याला लावून, भात्यांत लहान विजेरी ठेवावी आणि पाटीच्या कडेनें व कडीभोंवतीं कोठें प्रकाशाची रेघ दिसते काय तें सावकाश पाहावें. डोळे अंधाराला सरावण्यास दहा मिनिटें तरी द्यावीं.