श्वासाचे माप आणि हवेचा दोष

मुलाची उंची दाराच्या चौकटीवर खूण करून कोणालाही मोजता येते. दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत फुप्फुसेही तशीच झपाट्याने वाढत असतात. ती वाढ मात्र दिसत नाही. छातीभर श्वास घेऊन मुलाने नळीत जोराने फुंकले, म्हणजे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली हे यंत्र सांगते. पण एखाद्याचा आकडा कमी आला, तर दोष हवेचा कशावरून?

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील १२ गावांमधून १९९३ साली चौथीच्या वर्गातील १,७५९ मुले निवडण्यात आली. रिव्हरसाइडसारखी धुरकट गावे त्यांत होती, तशी लॉम्पॉकसारखी स्वच्छ हवेचीही. आठ वर्षे दरवर्षी मोजमाप झाले. त्यामुळे प्रत्येक मुलाची तुलना प्रथम त्याच्या स्वतःच्याच मागील आकड्यांशी करता आली. उंची, वजन, दमा, धूम्रपान यांचा वाटा गणिताने वेगळा काढला. मग गावातील मुलांची सरासरी वाढ आणि त्या गावची हवा यांची सांगड घातली.

येथे संख्याशास्त्रातील खरा पेच आहे. मुले १,७५९ असली, तरी हवा बाराच! एकाच घरातील दहा माणसांनी एकच हकिगत सांगितली, तर न्यायाधीश त्यांना दहा स्वतंत्र साक्षी मानीत नाही. म्हणून या गणितात प्रत्येक मूल एक आणि प्रत्येक गाव एक, असा दुहेरी हिशेब ठेवावा लागतो. तो न ठेवल्यास निष्कर्षाला नसलेले बळ येते.

२००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : सूक्ष्म धूलिकण सर्वांत कमी असलेल्या गावी अठराव्या वर्षी १.६ टक्के मुलांचा श्वास अपेक्षेच्या ८० टक्क्यांहून कमी भरला. सर्वांत अधिक असलेल्या गावी ७.९ टक्के मुलांचा. ज्या ओझोनसाठी तो प्रदेश कुप्रसिद्ध, त्याचा संबंध मात्र आढळला नाही. गणित प्रामाणिक असले, म्हणजे असे अनपेक्षित उत्तरही स्वीकारावे लागते.

तथापि गावागावांत हवेखेरीज इतरही भेद असतात, ही शंका उरलीच. पुढे वाहनांवर व इंधनांवर कडक निर्बंध आले आणि हवा निवळली. तेव्हा पाच गावांतील २,१२० मुलांच्या तीन तुकड्यांची तुलना झाली. पहिली १९९४ ते १९९८ मधील, शेवटची २००७ ते २०११ मधील. पंधराव्या वर्षी उणा श्वास असलेल्यांचे प्रमाण ७.९ वरून ६.३ वर आणि मग ३.६ टक्क्यांवर आले. या वेळी गावे तीच होती. बदलली होती ती हवा. काळाबरोबर इतरही गोष्टी बदलतात हे खरे. परंतु जे कारण गावागावांतील फरक समजावून देईल, तेच काळाचाही फरक समजावून देईल, असे हवेवाचून दुसरे शोधणे फार कठीण आहे.

विशीच्या सुमारास फुप्फुसांची वाढ जवळजवळ थांबते. १९९३ च्या त्या चौथीतील मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत.