बोली, खेळ आणि माप

मनुष्याला कोणती गोष्ट जिवाभावाची वाटते हे ओळखावयाचे असेल, तर तो कशाची स्तुती करतो हे पाहू नये. तो कशाबद्दल कुरकुर करतो ते ऐकावे. इंग्रज लोक या कामी मोठे पटाईत आहेत, आणि त्यांच्या कायमच्या कुरकुरी तीन. कोणी कसे उच्चार करतो ही पहिली, खेळाला व खेळातल्या गोष्टींना कोणती नावे द्यावीत ही दुसरी, आणि माल कोणत्या मापाने द्यावा-घ्यावा ही तिसरी. ऐकणाऱ्याला हसू येते. पण वैनगंगेच्या काठी बसून आम्ही या तीन तक्रारींचा विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की त्या तिन्ही आपल्या घरीही नांदत आहेत. फरक इतकाच की आपण त्या मोठ्याने बोलून दाखवीत नाही.

प्रथम उच्चार घेऊ. १९४१ साली, युद्ध चालू असता, लंडनच्या बीबीसीने हॅलिफॅक्सचे विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचावयास बसविले. हे गृहस्थ उत्तरेकडच्या यॉर्कशायरचे. त्यांचे स्वरही तिकडचेच. बातम्या त्याच, शब्दही तेच, तरी श्रोत्यांनी तक्रारींचा गहजब केला. उच्चारावरून माणसाची पायरी ठरविण्याच्या या इंग्रजी खोडीवर बर्नार्ड शॉने ‘पिग्मॅलियन’ हे नाटक लिहिले आणि पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’च्या रूपाने ते मराठीत आणले. मराठी प्रेक्षकाला ते परके वाटले नाही, कारण ती खोड आपल्यातही होतीच.

भंडाऱ्याच्या माणसाला हे निराळे सांगावयास नको. आपला मुलगा शिकावयास पुण्याकडे जातो आणि सहज म्हणतो, ‘‘मी पुस्तक वाचून राहिलो.’’ खोलीतली मंडळी हसतात. ‘वाचतो आहे’ असे म्हणावे, हे त्याला चारचौघांत शिकविले जाते. तो ‘धान’ म्हणतो, तिकडे ‘भात’ म्हणतात. त्याच्या लेखी भात हा ताटात असतो, शेतात असते ते धान. झाडीपट्टीतल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. ‘ळ’ आणि ‘ण’ हे वर्ण झाडीबोलीत टिकले नाहीत. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो, इकडे ‘र’ होतो. या बदलांना नियम आहे. एका शब्दात एक आणि दुसऱ्यात दुसरे असा तो मनमानी कारभार नव्हे. ज्याला नियम आहे त्याला अशुद्ध कसे म्हणावे? साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी याच बोलीचा अभ्यास करून तिचा शब्दकोश सिद्ध केला, तेव्हा पुष्कळांना प्रथमच उमगले की आपण बोलतो तीही एक शास्त्रशुद्ध वस्तू आहे.

‘करून राहिलो’ या रचनेचेही असेच आहे. उत्तरेस बालाघाट आणि शिवनी हे हिंदी भाषकांचे मुलूख; १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्यप्रदेशातच होता. दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या एका बाजारात उभ्या राहिल्या की एकीची चाल दुसरीला लागते. आणि मराठीच्या आद्यग्रंथांत गणल्या जाणाऱ्या, शके १११० म्हणजे इ. स. ११८८ च्या ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज अंबाजोगाईचे की आपल्या वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे, हा वाद तर अभ्यासकांत अजून चालू आहे. तो निकालात निघो वा न निघो, मराठीच्या घरात आपण पाहुणे आहोत असे मानावयाचे भंडाऱ्याला कारण नाही.

आता खेळाकडे वळू. अमेरिकन लोक फुटबॉलला ‘सॉकर’ म्हणतात याचा इंग्रजांना भारी राग. गंमत अशी की हा शब्द त्यांच्याच विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी ‘असोसिएशन’ या शब्दाचा तुकडा तोडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडविला. २०२१ मध्ये क्रिकेटचे नियम सांभाळणाऱ्या एमसीसीने ‘बॅट्‌समन’ हा शब्द बदलून ‘बॅटर’ केला, कारण आता स्त्रियाही तो खेळ जोमाने खेळतात. त्यावरही पुष्कळ कुरकुर झाली. मराठीला मात्र ही अडचण कधी पडलीच नाही. ‘फलंदाज’ पुरुषही आणि स्त्रीही. ‘गोलंदाज’ तर मराठ्यांच्या तोफखान्यातून आला. तोफ डागणारा तो गोलंदाज. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून मराठीत सामन्यांचे वर्णन केले आणि पायचीत, धावचीत, यष्टिरक्षक हे शब्द घराघरांत रुळले.

मात्र बनविलेला शब्द कधी कधी बनविणाऱ्यालाच अडवितो. सहा चेंडूंचे ते ‘षटक’. पण ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंची षटके टाकीत असत, आणि इंग्लंडात २०२१ पासून निघालेल्या शंभर चेंडूंच्या स्पर्धेत पाच-पाच चेंडूंचे गट असतात. आठांचे षटक म्हणावयाचे तर अंकगणित हसते. परंतु भाषा अंकगणितापेक्षा सोशीक असते; एकदा शब्द रुळला की त्याची फोड करीत कोणी बसत नाही.

आपल्या स्वतःच्या खेळांचे काय? गिल्लीदांडू खेळताना मुले ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजत. हे आकडे मराठी नव्हेत. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु हे तेलुगू आकडेच वेष पालटून आपल्या अंगणात आले आहेत. आणि मोजावयाचे कशाने? गिल्ली जिथे पडली तिथपर्यंतचे अंतर दांडूनेच. म्हणजे खेळाचा शब्द, परक्याची बोली आणि लांबीचे माप, तिन्ही एका काठीत! कोणाच्या दांडूने मोजावयाचे यावर मात्र भांडण ठरलेले. ज्याचा दांडू आखूड, त्याचे गुण जास्त.

हुतुतूची कबड्डी झाली ती डोळ्यांदेखत. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी दाखल झाली. २०१४ पासून व्यावसायिक साखळी सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले, आणि आता गावच्या मैदानावरचे पोरही ‘चढाई’ न म्हणता ‘रेड’ म्हणते, ‘पकड’ न म्हणता ‘टॅकल’ म्हणते. सारा संघ बाद झाला की जुने खेळाडू ‘लोण चढला’ म्हणत. आता तो ‘ऑल आऊट’. आम्हाला याचे वाईट वाटते. पण खेळ जिवंत आहे आणि मैदान भरलेले आहे, हे मानून आम्ही तक्रार आवरती घेतो. मैदान ओस पडून नुसते शब्द कोशात राहिले असते, तर त्या शब्दांना घेऊन काय करावयाचे होते?

तिसरी तक्रार मापांची. इंग्लंडने १९६५ पासून दशमान पद्धतीकडे वाटचाल सुरू केली. रस्त्यावर मैल आणि पबात पाइंट अजून तसेच आहेत. २००१ मध्ये संडरलंडचे भाजीविक्रेते स्टीव्ह थोबर्न यांना पौंडाच्याच काट्यावर केळी विकल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरविले आणि वर्तमानपत्रांनी त्यांना ‘दशमानाचा हुतात्मा’ केले. पुढे २०२२ मध्ये सरकारने जुन्या मापांविषयी लोकमत विचारले, तेव्हा शेकडा अठ्ठ्याण्णवांहून अधिक उत्तरे दशमानाच्या बाजूने आली. कुरकुर एका बाजूस आणि व्यवहार दुसऱ्या, असे हे चित्र.

आपल्याकडे काम झपाट्याने झाले. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. वजनमापांचा कायदा १९५६ चा. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात आला आणि १९६२ च्या एप्रिलपासून जुनी वजने बेकायदा ठरली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, चाळीस शेरांचा मण म्हणजे सव्वासदतीस किलोंहून थोडा अधिक. बोलण्यात मात्र ‘सोळा आणे खरे’ आणि ‘शेरास सव्वाशेर’ राहिले. मोहाडी-आंधळगावच्या कोशाचे कापड मीटरने मोजले जाते, पण लुगडे नऊवारीच. आणि वार म्हणजे यार्ड, ९१.४४ सेंटिमीटर. वैनगंगेची वाळू ब्रासने विकतात, म्हणजे शंभर घनफूट. सातबारावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर. उन्हाळ्यात हवेचा पारा सेल्सिअसमध्ये चढतो आणि त्याच घरातल्या आजारी मुलाचा ताप फॅरनहाइटमध्ये. सोनाराचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, तो आता दहाचा झाला. नाव राहिले आणि माल घटला.

इथेच आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. जुनी धान्याची मापे वजनाची नव्हती, आकारमानाची होती. दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. धानपट्ट्यात वीस कुडवांची खंडी. ही दुपटीची रीत अडाणी माणसालाही सहज उमगे, आणि ती बेतणाऱ्याचे कौतुकच केले पाहिजे. पण पायली भरताना वर शीग येते. शीग लावून मोजावयाचे की हाताने सपाट करून, हे कोण ठरवी? ज्याच्या हाती माप तो. बियाणे उसने देताना सपाट आणि सुगीला परत घेताना शिगोशीग, असा व्यवहार झाला तर एका पायलीत दोन मापे लपतात आणि त्यांतला फरक कुळाच्या घरातून जातो. किलोग्रॅमला शीग नाही. काटा खरा असेल तर तो सावकाराला आणि कुळाला एकच आकडा दाखवितो. जुन्या मापांची आठवण आम्हालाही गोड वाटते, परंतु ती परत यावीत असे आम्ही म्हणणार नाही.

हीच गोष्ट पाण्याची. गोसीखुर्द धरणाची साठवण सुमारे १,१४६ दशलक्ष घनमीटर. पुणे-नाशिकची वर्तमानपत्रे धरणे टीएमसीत सांगतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. विसर्ग कधी क्युसेकमध्ये सांगितला जातो, कधी घनमीटरमध्ये. सेकंदाला एक घनमीटर म्हणजे पस्तीस क्युसेकांहून अधिक. ‘दहा हजार’ हा आकडा क्युसेकचा असेल तर नदी एक, आणि घनमीटरचा असेल तर साडेतीन लाख क्युसेकची नदी दुसरीच. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेने भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरून जे दाखविले, ते ज्यांनी पाहिले त्यांना आकड्यापुढचे एकक ही किरकोळ बाब वाटणार नाही.

तेव्हा तिन्ही तक्रारींना एकच न्याय लावून चालणार नाही. माप दोन माणसांच्या मध्ये असते. ते एकच असले पाहिजे, नाही तर दुबळ्याचे नुकसान होते. खेळाचे नियम सर्वांचे एक हवेत, नावे खेळणाऱ्यांनी ठरवावीत. बोली मात्र माणसाच्या आत असते. तिथे एकच माप लावले की पुन्हा दुबळ्याचेच नुकसान होते, कारण तिथे काटा नेहमी दुसऱ्याच्या हाती असतो. ‘डोळा’ आणि ‘डोरा’ या दोहोंनी दिसते तेवढेच आणि तसेच.

उद्या आपली मुलगी मुलाखतीला परगावी जाईल. तिला प्रमाण भाषा अवश्य शिकवावी, जशी आपण किलोग्रॅमची वजने शिकलो. पण तिने घरी येऊन ‘‘मी दमून राहिली’’ म्हटले, तर तिला दुरुस्त करू नये. पाणी द्यावे.