चेन ‘ताणली’ म्हणजे काय झाले?

मागच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी आम्ही आमच्या गिअरच्या सायकलची चेन घरीच बदलली. जुनी चेन बरीच चालली होती, कुरकुरत होती. बाजारातून त्याच मापाची, पण जरा वरच्या दर्जाची नवी चेन आणली. मागच्या चाकावरची दातेरी चक्रे मात्र तशीच ठेवली. पोलादी चक्रांना काय होणार आहे, असा आमचा विचार. गल्लीत दोन-तीन फेऱ्या मारून पाहिल्या. आवाज नाही, अडथळा नाही. मोठ्या समाधानाने आम्ही हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंहगडाच्या घाटात पहिल्या खड्या चढाला आम्ही पेडलवर उभे राहिलो, आणि ‘खट्’ असा आवाज होऊन पाय एकदम खाली गेला. गुडघा हँडलवर आपटला, सायकल रस्त्यातच आडवी झाली. मागून येणाऱ्या जीपच्या चालकाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून गुडघ्यावरच निभावले. उठून पाहतो तो चेन तुटलेली नव्हती, उतरलेलीही नव्हती. ती चक्राच्या दातांवरून नुसती घसरली होती.

आदल्या आठवड्यात जुनी, झिजलेली चेन याच घाटात, याच चक्रांवर मुळीच घसरली नव्हती. नवी चेन घसरली. असे का व्हावे?

उत्तर शोधण्यासाठी घरी येऊन आम्ही जुनी चेन एका खिळ्याला टांगली. नवी सायकलवरून उतरवून तिच्या शेजारी टांगली. दोन्हींत कड्या तितक्याच, ११४. तरी जुनी चेन सुमारे १५ मिलिमीटर जास्त खाली लोंबत होती. सायकलवाले अशा वेळी ‘चेन ताणली’ म्हणतात. आम्हीही आजवर तसेच म्हणत होतो. पण चेनच्या पट्ट्या खरोखर रबरासारख्या ताणल्या गेल्या का? मोजून पाहिले तर उत्तर ‘नाही’ असे येते.

चेनची रचना जवळून पाहिली की हे कळते. तिच्यात एकाआड एक दोन प्रकारच्या कड्या असतात. बाहेरच्या कडीत दोन पट्ट्या दोन पिनांनी घट्ट जोडलेल्या असतात. आतल्या कडीत दोन पट्ट्यांमध्ये दोन नळ्या घट्ट बसवलेल्या असतात व नळ्यांवर सैल फिरणारे रूळ असतात. बाहेरच्या कडीची पिन आतल्या कडीच्या नळीतून जाते आणि चेन वळते तेव्हा पिन नळीत फिरते. म्हणजे हालचाल होते ती एवढ्याच जागी, आणि झीजही होते ती याच जागी. पिनेची एक बाजू खरवडली जाते, नळीची आतली बाजू खरवडली जाते, आणि त्यामुळे प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी तयार होते. अशा ११४ पोकळ्यांची बेरीज म्हणजे आमचे १५ मिलिमीटर. एका सांध्याच्या वाट्याला जेमतेम ०.१३ मिलिमीटर येतात, फार तर दोन केसांची जाडी.

आतल्या कडीतल्या दोन रुळांमधले अंतर झिजलेल्या चेनमध्येही वाढत नाही, कारण त्या दोन नळ्या एकाच पट्टीत पक्क्या आहेत. वाढते ते फक्त बाहेरच्या कडीतले अंतर. म्हणजे एक अंतर मूळचे, पुढचे मोठे, त्यापुढचे पुन्हा मूळचे. धातू ताणला गेला असता तर सगळीच अंतरे सारखी वाढली असती. व्हर्निअर कॅलिपर असलेल्या शाळेत विद्यार्थ्यांना हे पडताळून पाहता येईल. हात काळे होतील, त्याला इलाज नाही.

कॅलिपर नसेल तर साधी पोलादी पट्टी पुरते. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधले अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. शाळेतली दांड्याची सायकल असो की शर्यतीची, हे माप तेच. तेव्हा एक पिन शून्यावर धरून तिच्यापुढची चोविसावी पिन पाहावी. नव्या चेनवर ती १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येते. पेडलवर हलका दाब ठेवून चेन ताठ करावी आणि मगच मोजावे. पिन १२ इंचांच्या पुढे एक-सोळांश इंच गेली असेल तर झीज अर्धा टक्का झाली, एक-अष्टमांश गेली असेल तर एक टक्का. शाळेच्या सायकलतळावरच्या वीस-पंचवीस सायकलींची अशी मापे घेऊन आलेख काढला तर एक तास चांगला जाईल.

आता चक्राकडे वळू. चक्राचे दात अर्ध्या इंचाच्या अंतराने कापलेले असतात. अंतर वाढलेली चेन त्यावर नीट बसत नाही. ती थोडी बाहेर, दातांच्या टोकांकडे सरकते, कारण तिथे परीघ मोठा मिळतो. तिथे बसून ओढताना ती दाताची एक बाजू खात जाते. हळूहळू दात एका अंगाला झुकलेल्या लाटेसारखा दिसू लागतो आणि खाच रुंदावते. चेन झिजते तसे चक्रही तिच्या मापाने झिजते. सोबतीने म्हातारी झालेली ही जोडी एकमेकांना सांभाळून घेते, म्हणून घसरत नाही.

या चक्रावर नवी चेन चढवली की गडबड होते. तिची अंतरे बरोबर अर्ध्या इंचाची असतात, खाचा मात्र बिघडलेल्या. सगळे रूळ एकाच वेळी आपापल्या दाताला टेकत नाहीत. जो भार पाच-सहा दातांनी वाटून घ्यायचा तो एखाद्या दातावर येतो, आणि तो दातही उतरता झालेला असतो. भार कमी असेल तोवर मागच्या डिरेलरची स्प्रिंग चेनला खाली धरून ठेवते. भार वाढला की रूळ त्या उतारावरून वर चढतो आणि पुढच्या खाचेत आदळतो. गल्लीतल्या सपाट रस्त्यावर आम्हाला काही कळले नाही त्याचे कारण हेच.

घाटात हा भार किती असतो? ६० किलो वजनाचा माणूस आडव्या आलेल्या पेडलवर उभा राहिला असे समजा. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर आणि पुढच्या ३४ दातांच्या चक्राची त्रिज्या सुमारे ६९ मिलिमीटर. तरफेच्या नियमाने चेनमधला ताण ६० गुणिले १७० भागिले ६९, म्हणजे सुमारे १४८ किलो वजनाएवढा झाला. तो एका झिजलेल्या दाताने पेलावा अशी अपेक्षा आम्ही करत होतो.

साध्या सायकलीची चेन सैल होऊन सारखी पडू लागली की मागचे चाक मागे ओढतात, नाहीतर एक जोडी कड्या काढून टाकतात. याने लोंबणे जाते, पण उरलेल्या प्रत्येक सांध्यातली पोकळी तशीच राहते आणि चक्र खाण्याचे काम चालूच राहते. झीज अर्ध्या ते पाऊण टक्क्यावर असतानाच चेन बदलली तर चक्रे वाचतात. एक टक्क्याच्या पुढे गेली तर बहुधा दोन्ही बदलावी लागतात. चक्रांचा संच चेनपेक्षा बराच महाग असतो, हे आम्हाला दुकानात गेल्यावर कळले.

सांध्यातली झीज ही चेनच्या जन्मापासूनची अडचण आहे. उंच पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलीला चेनच नव्हती. पेडल थेट चाकाला असे, म्हणून वेग हवा तर चाकच मोठे करावे लागे. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये पिन आणि रूळ यांच्यामध्ये नळी घातली. त्याआधीच्या चेनमध्ये रूळ थेट बारीक पिनेवर फिरे व लवकर खराब होई. नळीमुळे भार जास्त पृष्ठभागावर पसरला. पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची मागच्या चाकाला चेन असलेली ‘रोव्हर’ सायकल आली आणि चाकाचा आकार व वेग यांची फारकत झाली. गंमत म्हणजे गिअरच्या आजच्या चेनमधून ही वेगळी नळी पुन्हा गेली आहे. आतल्या पट्ट्यांच्या छिद्रांची कड दाबून नळीसारखी वळवलेली असते. त्यामुळे चेन बाजूला सहज वाकते व एका चक्रावरून दुसऱ्यावर जाऊ शकते.

चक्रे घ्यायचीच होती, तर कोणती घ्यावी? आमचा जुना संच ११ ते २८ दातांचा होता. पुढे ३४ व मागे २८ दात असता पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे जाते. स्वार व सायकल मिळून ७५ किलो आणि चढ ८ टक्के धरला तर मागे ओढणारे बल ६ किलो, त्यात रस्त्याचे घर्षण मिळवून ६.४ किलो होते. पेडल एका फेऱ्यात १.०७ मीटरचे वर्तुळ काटते. म्हणून पेडलवर सरासरी १५.३ किलोचा जोर सतत हवा. मागे ३२ दात केले तर अंतर २.२३ मीटर होते आणि जोर १३.३ किलोवर येतो. एकूण काम तेवढेच राहते, फेऱ्या वाढतात. पण आमच्या वयाच्या गुडघ्यांना फेऱ्या चालतात, जोर चालत नाही. पुढे ४४ व मागे १८ दातांच्या साध्या सायकलीचा हिशेब केला तर तोच आकडा ३२ किलोंच्या वर जातो. घाटात तिच्यावरून उतरून चालणारा माणूस आळशी नसतो, हे गणितानेच सिद्ध होते.

आम्ही ३२ दातांवरच थांबलो, कारण आमचा डिरेलर त्याहून मोठे चक्र पेलत नाही. खरेदीपूर्वी ही मर्यादा तपासावी. मागे किती गिअर आहेत तेही मोजावे. गिअर जितके जास्त तितकी चक्रे जवळ आणि चेन बाहेरून अरुंद असते. आठ गिअरच्या चेनची बाहेरची रुंदी सात मिलिमीटरच्या आसपास, अकरा गिअरच्या चेनची साडेपाचच्या आसपास. एकाची चेन दुसऱ्याला लावू नये.

बसवण्याचे काम अवघड नाही. चक्रांचा संच काढताना चेनचा तुकडा जोडलेल्या दांड्याने तो धरून ठेवायचा व खास पान्याने टोकाचे कडे फिरवायचे. संचाच्या आतल्या खाचांपैकी एक वेगळ्या रुंदीची असते, म्हणून चक्रे एकाच प्रकारे बसतात. चेन बदलताना दात एकमेकांसमोर ठरावीक जागी यावेत यासाठी ही योजना आहे. कडे घट्ट करायला ४० न्यूटन-मीटर पीळ लागतो. २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला १६ किलोचा जोर द्यावा, इतका. चेनची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न नेता पुढच्या व मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून फिरवावी, जिथे टोके भेटतील तिथे दोन कड्या जास्त ठेवाव्यात आणि उरलेली तोडावी. मागचे मोठे चक्र बदलल्यावर जुन्या लांबीवर कधीही विसंबू नये. कमी पडली तर डिरेलर ताणून मोडतो.

शेवटी डिरेलरचे दोन मर्यादा-स्क्रू. यातला आतल्या बाजूचा सैल राहिला तर चेन सर्वांत मोठ्या चक्रावरून पलीकडे उडी मारून आऱ्यांत अडकते आणि चाक जागीच थांबते. सायकल टांगून, हाताने पेडल फिरवत सगळे गिअर दोनदा बदलून पाहिल्याखेरीज रस्त्यावर जाऊ नये. त्यानंतर मोकळ्या, सपाट जागी जोर लावून पाहावा. आम्ही हेच केले नव्हते.

वंगणाबद्दल थोडे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी १९९९ च्या सुमारास चेनची कार्यक्षमता मोजली. ती परिस्थितीनुसार ८१ ते ९८.६ टक्के आढळली. मोठी चक्रे व जास्त ताण असता ती जास्त आली, वंगणाने मात्र फारसा फरक पडला नाही. पण ते प्रयोग स्वच्छ प्रयोगशाळेतले होते. आपल्या रस्त्यांवर सांध्यात शिरणारी वाळू पॉलिशपेपरसारखे काम करते. वंगण लागते ते आधी झीज टाळण्यासाठी. प्रत्येक रुळावर एक थेंब सोडून बाहेरचे तेल फडक्याने कोरडे पुसावे. काळीकुट्ट, तेलाने निथळणारी चेन म्हणजे तेलात कालवलेली वाळूच. दोनशे ग्रॅम हलक्या, महागड्या भागांपेक्षा हे फडके जास्त उपयोगी आहे असे आमचे मत आहे. पंचाहत्तर किलोंत दोनशे ग्रॅम म्हणजे हजारात तीन भागही नाहीत.

नवी चेन व नवी चक्रे घेऊन आम्ही पुन्हा त्याच चढावर गेलो. पहिल्यांदा जरा बिचकतच उभे राहिलो, काही घसरले नाही. आता महिन्यातून एकदा आम्ही माप घेतो आणि गॅरेजच्या दाराच्या आत खडूने लिहून ठेवतो. या महिन्यात चोविसावी पिन ३०४.८ च्या पुढे साधारण अर्धा मिलिमीटर दिसू लागली आहे.