दिवाणखान्यातील लिनक्स : स्टीम मशीन का फसले, स्टीम डेक का चालले?

लिनक्सचा प्रसार सांगताना सर्व्हर, सुपरकॉम्प्युटर आणि अँड्रॉइड फोन ही उदाहरणे नेहमी दिली जातात. घरातील मनोरंजनाचा संगणक, त्यातही खेळांचा संगणक, या यादीत फार काळ नव्हता. प्रस्तुत पाठात व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने हे चित्र बदलण्यासाठी केलेल्या दोन प्रयत्नांचा विचार करायचा आहे. पहिला २०१५ चा, तो फसला. दुसरा २०२२ चा, तो यशस्वी झाला. दोन्ही वेळी कंपनी तीच होती आणि कर्नलही लिनक्सच होता. मग मधल्या ७ वर्षांत बदलले काय?

पार्श्वभूमी

व्हॉल्व्हचे ‘स्टीम’ हे खेळांचे ऑनलाइन दुकान २००३ पासून विंडोजवर चालत आले. २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि त्यासोबत मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बसवलेले आले. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये १३ वर्षे काम केले होते. त्यांनी विंडोज ८ वर जाहीरपणे कडक टीका केली. घरमालकाने आपल्याच भाडेकरूच्या दुकानाशेजारी तोच माल विकायला काढावा, तशी ही परिस्थिती होती. त्यामुळे व्हॉल्व्ह लिनक्सकडे वळली ती परोपकारापोटी नव्हे, तर जागा बदलण्याची सोय हाताशी असावी म्हणून. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम प्रकाशित झाले आणि त्याच वर्षी डेबियनवर आधारित ‘स्टीमओएस’ची घोषणा झाली.

पहिला प्रयत्न

टीव्हीला जोडायची तयार पेटी, म्हणजेच ‘स्टीम मशीन’, नोव्हेंबर २०१५ मध्ये बाजारात आली. ती व्हॉल्व्हने स्वतः बनवली नाही. एलियनवेअर, झोटॅक, सायबर अशा कंपन्यांनी आपापल्या पेट्या आपापल्या किमतींना काढल्या. ग्राहकापुढे पहिलाच प्रश्न उभा राहिला : यातली कोणती घ्यायची? एलियनवेअरची जवळपास तीच पेटी वर्षभर आधीपासून विंडोजसह विकली जात होती, आणि तिच्यावर स्टीमवरील सगळे खेळ चालत होते. लिनक्सच्या पेटीवर मात्र लिनक्ससाठी वेगळे तयार केलेले खेळच चालत. बरेच मोठे खेळ त्यात नव्हते. जे होते, त्यांतले काही त्याच हार्डवेअरवर विंडोजपेक्षा हळू चालत, कारण डायरेक्ट-थ्रीडीमध्ये लिहिलेला खेळ ओपनजीएलमध्ये घाईघाईने बदललेला असे आणि ग्राफिक्स ड्रायव्हरही तितके पक्व नव्हते.

व्यावसायिक कोंडी सरळ होती. ग्राहक नाहीत म्हणून निर्माते लिनक्ससाठी खेळ काढत नाहीत, आणि खेळ नाहीत म्हणून ग्राहक येत नाहीत. प्रत्येक निर्मात्याने स्वखर्चाने ही कोंडी फोडावी, अशी व्हॉल्व्हची अपेक्षा होती. तशी अपेक्षा ठेवणे हीच माझ्या मते मूळ चूक होती. २०१८ मध्ये स्टीमच्या मुख्य मेनूतून स्टीम मशीनचे पान शांतपणे निघून गेले.

प्रोटॉन कसे काम करते

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘प्रोटॉन’ आले. आता निर्मात्याने खेळ बदलायचा नाही. विंडोजसाठीचा खेळ जसा आहे तसा लिनक्सवर चालवण्याचे ओझे व्यासपीठाच्या मालकाने उचलायचे. सुरुवातीला अधिकृत यादीत फक्त २७ खेळ होते.

प्रोटॉनचा गाभा म्हणजे १९९३ पासून विकसित होत असलेला ‘वाइन’ हा मुक्तस्रोत प्रकल्प. वाइन म्हणजे एम्युलेटर नव्हे, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. एम्युलेटर एका प्रोसेसरच्या सूचना दुसऱ्या प्रोसेसरवर नक्कल करून चालवतो. येथे प्रोसेसर दोन्हीकडे एकाच जातीचा, एक्स-८६ आहे. त्यामुळे खेळातील बेरजा-वजाबाक्या, लूप, अटी हे सारे थेट प्रोसेसरवर चालते. फरक पडतो तो खेळ ऑपरेटिंग सिस्टिमकडे काही मागतो तेव्हा. फाइल उघडणे, मेमरी मागणे, थ्रेड सुरू करणे यांसाठी तो विंडोजची फंक्शने हाकारतो. वाइन त्याच नावांची फंक्शने पुरवते आणि आत लिनक्सची सोय वापरून काम करून देते. साधे उदाहरण पाहू. विंडोजमध्ये फाइलच्या नावातील लहान-मोठ्या अक्षरांत भेद मानला जात नाही, लिनक्समध्ये मानला जातो. खेळाने एका रूपात नाव मागितले आणि डिस्कवर ते दुसऱ्या रूपात असले, तरी फाइल सापडली पाहिजे. असे हजारो बारकावे सांभाळावे लागतात.

ग्राफिक्सची बाजू अधिक अवघड. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हल्कन या एपीआयमुळे तेथे मार्ग सापडला. ‘डीएक्सव्हीके’ हा थर डायरेक्ट-थ्रीडीचे आदेश व्हल्कनमध्ये रूपांतरित करतो. व्हल्कन हार्डवेअरच्या जवळचे असल्याने रूपांतराचा भार बराच कमी राहतो.

काही वेळा कर्नललाच हात घालावा लागला. विंडोजमध्ये एक थ्रेड एकाच वेळी अनेक घटनांपैकी कोणत्याही एकीची वाट पाहू शकतो. लिनक्सच्या फ्युटेक्समध्ये वाट पाहता येई ती एकाच पत्त्यावर. म्हणून वाइनला हे काम वेगळ्या सर्व्हर प्रोसेसमार्फत करावे लागे आणि वेळ वाया जाई. जानेवारी २०२२ च्या ५.१६ कर्नलमध्ये अनेक फ्युटेक्सची एकत्र वाट पाहणारा नवा सिस्टिम कॉल आला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्गात शिकलेले सिंक्रोनायझेशन असे थेट दिवाणखान्यापर्यंत पोहोचते.

दुसरा प्रयत्न

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस ‘स्टीम डेक’ आले. हे हातात धरायचे यंत्र, पण डॉकमधून टीव्हीलाही जोडता येणारे. तेव्हा किंमत ३९९ डॉलरपासून होती. या वेळी ते व्हॉल्व्हने स्वतः तयार केले. साठवणक्षमता वेगवेगळी, पण एएमडीची चिप आणि १६ जीबी मेमरी सर्वांत सारखीच.

हार्डवेअर एकच असण्याचे फायदे पाहा. शेडर म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्रॅम. ते त्या त्या चिपसाठी कंपाइल करावे लागतात आणि खेळाच्या ऐन मध्यात कंपाइल होऊ लागले की चित्र अडखळते. सर्वांकडे तीच चिप असेल, तर ते आधीच कंपाइल करून खेळासोबत पाठवता येतात. ‘एल्डन रिंग’ प्रकाशित झाला तेव्हा विंडोजवर तो अडखळत असल्याच्या तक्रारी होत्या. व्हॉल्व्हने खेळाला हात न लावता आपल्याच रूपांतर-थरात सुधारणा करून डेकवरील अडखळणे कमी केले.

आर्च लिनक्सवर आधारलेल्या नव्या स्टीमओएसमध्ये मूळ फाइल सिस्टिम केवळ वाचण्यापुरती खुली असते. सिस्टिमच्या दोन प्रती असतात : एक चालू, दुसरीवर अपडेट. अपडेट बिघडले तर जुनी प्रत सुरू होते. सोफ्यावर कंट्रोलर घेऊन बसलेल्या माणसाला टर्मिनल उघडायला सांगता येत नाही, म्हणून ही काळजी. ज्याला टर्मिनल हवे आहे, त्याला डेस्कटॉप मोडमध्ये केडीई प्लाझ्मा मिळते. कोणता खेळ नीट चालतो हे सांगणारी खूणही दुकानातच दिसते, मंच धुंडाळावे लागत नाहीत. स्टीमच्या हार्डवेअर सर्वेक्षणात अनेक वर्षे १ टक्क्याच्या आसपास रेंगाळणारा लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये ३ टक्क्यांच्या वर गेला.

न सुटलेले प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने टीव्हीशेजारी ठेवायची नवी, स्वतः घडवलेली ‘स्टीम मशीन’ जाहीर केली. नाव जुनेच, पण आता खेळांचा प्रश्न बराचसा सुटलेला. तरी अडथळे आहेत. स्पर्धात्मक ऑनलाइन खेळांतील फसवणूक-रोधक प्रोग्रॅम त्यांतला सर्वांत मोठा. त्यांतले काही लिनक्सवर चालू शकतात, पण परवानगी प्रत्येक निर्मात्याने द्यायची असते. ‘फोर्टनाइट’ ती देत नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ने दिलेली परवानगी २०२४ मध्ये काढून घेतली. ‘व्हॅलोरंट’चा रोधक विंडोजच्या कर्नलमध्येच बसतो, त्याचे भाषांतर करणे प्रोटॉनच्या आवाक्याबाहेरचे.

दुसरा अडथळा केबलचा. दिवाणखान्यातील टीव्हीला सहसा डिस्प्लेपोर्ट नसतो, एचडीएमआयच असते. एएमडीने आपल्या मुक्तस्रोत ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्याचा प्रस्ताव ठेवला होता. २०२४ मध्ये तो एचडीएमआय फोरमने नाकारला. नव्या पेटीच्या जाहीर तपशिलात एचडीएमआय २.० लिहिलेले आहे, त्यामागे ही गोष्ट आहे.

शिवाय प्रोटॉन इतके चांगले चालते, की लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढण्याचे कारणच निर्मात्याकडे उरत नाही. लिनक्स घरात पोहोचले ते विंडोजचा इंटरफेस अंगावर घेऊन. आणि वाइन, डीएक्सव्हीके, कर्नल हे सारे मुक्त असले, तरी त्यांच्यावर उभे असलेले स्टीमचे दुकान बंदिस्तच आहे.